सोलापूर मुक्कामी पात्रता फेरी

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याहून संध्याकाळी सहाला सुटते आणि दहाच्या सुमारास सोलापूरला पोचते. दिवाळी आठवड्यावर आलेली, त्यामुळे डब्यात माणसांपेक्षा पिशव्या जास्त. घरी सांगितलेली कामं दोन. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मामांना भेटून यायचं आणि पुण्यातल्या निम्म्या सोसायटीनं सांगितलेल्या चादरी-टॉवेल आणायचे. तिसरं काम घरी बोललो नव्हतो. या आठवड्यात जगभर फुटबॉलच्या पात्रता फेऱ्या चालल्या होत्या आणि ते सामने मामांच्या शेजारी बसून बघण्यात जी गंमत आहे ती एकट्यानं बघण्यात नाही. मामा रेल्वेत होते, उमेदीच्या काळात लेफ्ट हाफला खेळायचे, आणि आजही टीव्हीतल्या रेफरीला एकेरीत बोलतात.

स्टेशनवर मामेभाऊ स्कूटर घेऊन हजर. "काय बे, एवढीच बॅग? मग चादरी कशात नेणार, खिशात?" घरी पोचल्यावर मामींनी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही पुढं ठेवलं आणि आधी पुण्याच्या पावसाची चौकशी केली. सप्टेंबरात सीनेला आलेल्या पुराचा विषय इथं अजून प्रत्येक घरात पहिला निघतो.

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळी सिद्धेश्वराला जाऊन आलो. तळं भरलेलं, किल्ल्याच्या बाजूनं गार वारा. परत आलो तर मामा व्यायामाच्या नावाखाली पाय खुर्चीवर ठेवून पेपर वाचत बसलेले. पेपरात फुटबॉल कुठंतरी कोपऱ्यात.

"आपलं नक्की कशात काय उरलंय, ते एकदा नीट सांग," मामा म्हणाले. सांगितलं. २०२६ च्या वर्ल्ड कपला आता ३२ ऐवजी ४८ संघ आहेत आणि आशियाला आठ थेट जागा, तरी आपण त्यातून जून २०२४ मध्येच बाहेर पडलोय. उरला तो २०२७ चा आशियाई कप. सौदी अरेबियात होणार, २४ संघांचा. त्याच्या पात्रता गटात आपण, हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश. गटातला पहिला तेवढा जाणार. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी ०-० झालं, जूनमध्ये हाँगकाँगला जादा वेळेतल्या पेनल्टीवर ०-१ हरलो, आणि परवाच्या गुरुवारी सिंगापुरात १-१. संदेश झिंगनला लाल कार्ड, दहा जणांनिशी रहीम अलीनं शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधली.

"म्हणजे तीन मॅचमध्ये दोन पॉइंट."

"हो."

"आणि वर्ल्ड कपला दोह्यात आपल्याला लुटलं, ते?"

हा मामांचा आवडता घाव. कतारविरुद्ध छांगतेच्या गोलवर आपण पुढं होतो. मग चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला, आपले पोरं थांबलेले, कतारवाल्यानं तो आत ओढून गोल केला आणि रेफरीनं दिलाही. शेवटी १-२. लूट झाली हे खरंच. पण त्याआधी मार्चमध्ये गुवाहाटीत, आपल्याच मैदानावर, अफगाणिस्ताननं आपल्याला २-१ हरवलं होतं. कर्णधार सुनील छेत्रीचा तो १५० वा सामना. कोलकात्यात कुवेतशी गोलच झाला नाही. सहा सामन्यांत पाच गुण घेऊन कुवेतच्या मागं राहिलेल्या संघानं सगळा दोष दोह्याच्या गोलरेषेवर टाकू नये असं माझं मत. मामांना ते अजिबात मान्य नाही. मामींना दोघांचंही नाही, त्यांना दळण आणायला माणूस हवा होता.

रात्री फोनवर निकाल बघत बसलो. फेरो बेटांनी झेक प्रजासत्ताकाला २-१ हरवलं! फेरोंची लोकसंख्या पंचावन्न हजारांच्या घरात, म्हणजे आपल्या पंढरपूरच्या साधारण निम्मी. आषाढीला एका दिंडीच्या रांगेत सगळा देश उभा राहील. आणि समोर कोण, तर चेकोस्लोव्हाकिया असताना दोनदा वर्ल्ड कपच्या फायनलला गेलेल्यांचे वारस. मामांनी चष्मा पुसून स्कोअर पुन्हा वाचला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पहाटे साडेपाचला गौरीनं उठवलं. गौरी म्हणजे मामेभावाची मुलगी, आठवीत. "काका, काल म्हणालेलात येतो म्हणून. चला." तिचा सराव सहाला असतो, रेल्वे लाइन्सच्या पलीकडं. पार्क मैदान क्रिकेटचं, ते विचारायचंच नाही.

मैदान म्हणजे मुरूम. मधे मधे खडे, कडेला बाभूळ, आणि बाभळीचे काटे वेचणं हा वॉर्मअपचाच भाग. गोलपोस्ट आहेत, जाळी नाही, त्यामुळे प्रत्येक गोलनंतर कुणीतरी रस्त्यापर्यंत पळत जायचं. सर आले ते दोन चेंडू जाळीच्या पिशवीत घेऊन. एकाचं वरचं कातडं सुटायला लागलेलं. त्यांनी पंपाची सुई जिभेला लावून ओली केली, हलकेच भोकात घातली, चार दट्टे मारले, मग चेंडू अंगठ्यानं दाबून कानाशी धरला. "आहे अजून जीव," म्हणाले आणि टाकला मैदानात. चौदा मुली होत्या. एक बूट घातलेली, एक शाळेच्या कॅनव्हासमध्ये, दोघी मोजे चढवून नुसत्याच. गौरीच्या दोन्ही गुडघ्यांवर खपल्या आहेत आणि त्या ती अभिमानानं दाखवते.

खेळ बरा चालला होता. पायातला चेंडू सोडवत नाही ही त्या वयाची खोड सगळ्यांतच होती, पण डाव्या बाजूला एक बारकी पोरगी मान वर करून बघून पास द्यायची. तिच्याकडं सरांचंही लक्ष होतं.

मी गौरीला विचारलं, यंदा मॅचेस किती झाल्या?

"एक."

"एकच?"

"शालेय स्पर्धेत पहिलीच हरलो ना. मग संपलं."

सरांनी ते पुढं नीट समजावलं. आपल्याकडं शालेय स्पर्धा बाद पद्धतीची. सोळा संघ आले तर पहिल्याच फेरीत आठ घरी. त्यांना वर्षाला एक सामना. जे जिंकतात ते जिल्ह्याला, विभागाला, राज्याला जातात आणि खेळत खेळत आणखी चांगले होतात. जे कच्चे असतात त्यांना सामनेच मिळत नाहीत, म्हणून ते कच्चेच राहतात. "वर्षभर सराव आणि चाळीस मिनिटांची परीक्षा. नापास झालं की पुढच्या पावसाळ्यात या," सर म्हणाले. पन्नाशीतले गृहस्थ, शाळेत पीटी शिकवतात, तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. सुट्टीत चार संघांची लीग घ्यायचा त्यांचा बेत होता. पण दिवाळीत अर्ध्या मैदानावर फटाक्यांचे स्टॉल लागतात.

ते डोक्यात घेऊनच दुपारी मामेभावाबरोबर पूर्व भागात गेलो. कन्ना चौकाच्या पुढं गल्लीत शिरलं की आधी यंत्रमागाचा आवाज येतो, मग माग दिसतो. कारखानदार घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, उधारीवाल्याशी कानडी. जेकार्डच्या चादरीवर मोर उमटत होता. कामगाराच्या डोळ्यांना एक तुटका धागा दिसला, त्यानं माग थांबवला, दोन टोकं चिमटीत धरली आणि गाठ मारून पुन्हा सुरू केला. हे सगळं होईपर्यंत मला धागा कुठला तेसुद्धा सापडलं नव्हतं. "बाहेर सोलापुरी म्हणून विकतात ते सगळं आमचं नसतंय," कारखानदार म्हणाले. त्यांचा कॉलेजातला मुलगा माद्रिदचा शर्ट घालून हिशेबाला बसला होता. त्याला केप व्हर्डेचं माहीत होतं. "आज रात्री आहे ना? जिंकले तर वर्ल्ड कप."

आता केप व्हर्डे. आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमधली दहा बेटं, १९७५ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात. लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या सोलापूर शहराची ९,५१,५५८ होती. म्हणजे अख्खा देश आपल्या जुन्या सोलापुरात मावून वर जागा उरेल. गट कुणाबरोबर? कॅमेरूनबरोबर, ज्यांनी आठ वर्ल्ड कप खेळलेत. गेल्या वर्षी जूनमध्ये त्याच कॅमेरूननं त्यांना ४-१ झोडपलं होतं. आपल्या शालेय स्पर्धेत असते तर तिथंच घरी. पण आफ्रिकेनं यंदा छोट्या-मोठ्या सगळ्यांना गटात घातलं आणि घरच्या-बाहेरच्या मिळून दहा दहा सामने दिले. ४-१ हरलेल्यांना सावरायला वेळ मिळाला. सप्टेंबरात त्यांनी आपल्या राजधानीत, प्राइयात, कॅमेरूनला १-० हरवलं. मागच्या आठवड्यात लिबियात १-३ मागं पडूनही ३-३ केलं.

रात्री एस्वातिनीविरुद्ध मध्यंतरापर्यंत ०-० होतं. मामा झोपायला निघाले होते, थांबले. मग लिव्हरामेंतो, सहा मिनिटांत सेमेडो, आणि शेवटी जादा वेळेत ३७ वर्षांचा स्टोपिरा. ३-०. कॅमेरूनचं अंगोलाशी तिकडं ०-०. दहा सामने, २३ गुण, पात्र.

त्यांच्या बचावफळीत पिको लोपेस नावाचा गडी आहे. जन्म डब्लिनचा, वडील केप व्हर्डेचे. त्याला राष्ट्रीय संघाचं आमंत्रण आलं ते लिंक्डइनवर, पोर्तुगीजमध्ये. त्याला वाटलं कुणीतरी फालतू मेसेज पाठवलाय, म्हणून उत्तरच दिलं नाही. काही महिन्यांनी प्रशिक्षकानं इंग्रजीत पुन्हा विचारलं तेव्हा कुठं उलगडा झाला. हे ऐकून मामा पोट धरून हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "आपण का नाही लिहीत बे असे मेसेज?" आपल्याकडं भारतीय पासपोर्टच लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेला मूळचा भारतीय ओसीआय कार्डावर देशासाठी खेळू शकत नाही. तिकडं बांगलादेशानं मार्चमध्ये आपल्याविरुद्धच हमझा चौधरीला उतरवलं, इंग्लंडमध्ये वाढलेला. हा रस्ता आपल्याला उघडला तर मला आनंदच होईल, पण त्यानं गौरीच्या वर्षाला दोन सामने व्हायचे नाहीत.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

होटगी रोडच्या विमानतळावरून जूनपासून गोव्याला विमान सुरू झालंय, आणि आजची मॅच मडगावात, फातोर्ड्याला. मामेभावानं सकाळी तासभर "जायचंच" म्हणून घोषणा दिल्या. मग सुताचं बिल आलं.

दुपारभर मामांनी जुनी भारतीय टीम काढली. त्यांच्या पिढीला ती पाठ आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, भारत चौथा. १९६२ ला जकार्त्यात प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या संघानं दक्षिण कोरियाला २-१ हरवून मिळवलेलं एशियाडचं सुवर्ण. आणि अर्थातच १९५०. "अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून आपण वर्ल्ड कपला गेलो नाही," मामा म्हणाले. ही गोष्ट महाराष्ट्रात इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितलीय की ती आता खोडायला बरं वाटत नाही. पण १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळून फ्रान्सला १-२ पर्यंत झुंजले होते हे खरं आणि १९५० चं कारण मात्र वेगळं. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स यांनी माघार घेतली म्हणून आपल्याला न खेळता जागा मिळाली. आपल्या महासंघानं संघनिवडीतले मतभेद आणि सरावाला वेळ नाही असं सांगून जायचं टाळलं. ऑलिंपिकपुढं वर्ल्ड कपचं मोल तेव्हा कुणाला वाटतही नव्हतं. एकदाच पात्र ठरलो, ते बसल्या जागी. मामा म्हणाले, "तुझ्या गोष्टीत मजा नाही." त्यात तथ्य आहे.

सहाच्या सुमारास टोकियोत जपाननं ब्राझीलला दोन गोलांच्या पिछाडीवरून ३-२ हरवलं. मैत्रीपूर्ण सामना असला तरी मामेभाऊ कारखान्यातून फोन करून ओरडला.

साडेसातला घर भरलं. शेजारचे दोघं, गौरी, तिची ती डावीकडून पास देणारी मैत्रीण, आणि सोफ्यावर पाय लांब करून मामा. फोन टीव्हीला जोडला. मामींनी शेंगापोळी आणून ठेवली आणि "हरले तरी खाऊनच जायचं" असा दम भरला.

चौदाव्या मिनिटाला छांगते. बॉक्सच्या बाहेरून, डाव्या पायानं, असा काही मारला की मामा गुडघा विसरून उठले आणि मामी किंचाळल्या, त्यांना गोल नाही, गुडघा दिसला होता. पंचवीसेक मिनिटं घरात दिवाळीच. क्रमवारीत सिंगापूर आपल्या खाली, मैदान आपलं, लोक आपले. पण बघणाऱ्याला दिसत होतं. चेंडू मिळाला की आपला खेळाडू आधी घाई करायचा, मग विचार. गौरीची मैत्रीण पुटपुटली, "बघून देत नाहीत." मध्यंतराच्या अगदी तोंडावर साँग उइ-यंगनं बरोबरी केली. मध्यंतरानंतर तेराव्या मिनिटाला पुन्हा त्यानंच. १-२.

नंतरचा अर्धा तास आपण नुसते उंच चेंडू टाकत होतो. छेत्री होता, चाळिशी ओलांडलेला. निवृत्ती घेऊन मार्चमध्ये परत आलेला. त्याला परत बोलवावं लागलं यातच सगळं आलं. मामा म्हणाले, "काय खेळलालेत बे हे, मॅच संपायची वाट बघलालेत काय?"

शिट्टी झाली. चार सामन्यांत दोन गुण, दोन सामने बाकी असतानाच आपण बाद. २०१९ आणि २०२३ चे आशियाई कप लागोपाठ खेळलेला देश २०२७ ला नाही, २४ संघ असूनही नाही. शेंगापोळी कुणी नाही म्हटलं नाही, पण बोललंही नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सकाळी चहाच्या टपरीवर अपेक्षेप्रमाणे तेच वाक्य. "एकशे चाळीस कोटींत अकरा पोरं मिळंनात व्हय?" या वाक्याचा मला आता कंटाळा आलाय. एकशे चाळीस कोटी खेळतच नाहीत. लोकसंख्येवर पात्र ठरता येत असतं तर सव्वापाच लाखांचा देश अमेरिकेत जायला निघाला नसता. ज्यांना खेळायचंय त्यांना खेळायला किती मिळतं हे विचारा. वर्ल्ड कप पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत आपल्याला सहा सामने मिळाले. जे तिसऱ्या फेरीत गेले त्यांना आणखी दहा, तगड्यांशी. शालेय स्पर्धेचंच तत्त्व, फक्त विमानानं. आणि वरच्या थरावर काय, तर आयएसएलचा, म्हणजे आपल्या सगळ्यांत वरच्या व्यावसायिक लीगचा, हंगाम हक्कांच्या करारावरून अडकून पडलेला. ऑक्टोबर अर्धा सरला तरी लीगचा पत्ता नाही, आणि आपण प्रशिक्षक खालिद जमीलला, ऑगस्टमध्ये आलेल्या माणसाला, धारेवर धरायचं. टपरीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कटिंगचे पैसे मागितले.

रात्रीचे बाकीचे निकाल पेपरात नव्हते, फोनवर वाचून दाखवले. कतार अमिरातीला २-१ हरवून पात्र. मागच्या वेळी यजमान म्हणून खेळले होते, या वेळी कमावून. सौदी इराकशी ०-० करून पात्र. दक्षिण आफ्रिकेचं तर नवलच. निलंबित खेळाडू खेळवला म्हणून तीन गुण कापले गेले होते, तरी रवांडाला ३-० हरवून गेले.

दुपारी सीनाकाठच्या एका नातेवाइकांकडं. सोयाबीन पाण्याखाली जाऊन काळं पडलेलं, बांधावर वाळत घातलेल्या पाइपांवर चिखलाची पापुद्री. तिथं फुटबॉल सुचला नाही आणि सुचायचं कारणही नव्हतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

खरेदी. चाटी गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. चादरी बारा, टॉवेल मोजायचे सोडून दिले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वसुबारस. संध्याकाळी मामींनी शेजारच्या गाय-वासराची पूजा केली, गौरी ताट धरायला. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा फोन. किर्गिझस्तानात, बिश्केकला, आपल्या सतरा वर्षांखालच्या मुलींनी उझबेकिस्तानला २-१ हरवलं! आधी ०-१ मागं होत्या. बदली खेळाडू म्हणून आलेल्या ठंडामोनी बास्केनं बरोबरी केली आणि अनुष्का कुमारीनं दुसरा मारला. सोमवारी किर्गिझस्तानलाही २-१ हरवलं होतं. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या वयोगटाच्या आशियाई कपसाठी पात्र.

मामांना हे पटायला वेळ लागला. "कोण म्हणालास? मुली?" गौरीनं ताट हातात धरूनच ऐकवलं. मोठ्या बायकांचा संघही जुलैमध्येच पात्र झालाय आजोबा, चियांग माईला थायलंडला २-१ हरवून. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. त्याआधी मंगोलियाला १३-० मारलेत. पात्रता फेरी खेळून जाण्याची आपल्या बायकांची ती पहिलीच वेळ. घरात तीन दिवस सुतक पाळणाऱ्या आम्हा पुरुषांना हे आठवलं नव्हतं. मामींनी ओवाळणीचं निरांजन विझू नये म्हणून हात आडवा धरला आणि गौरीला सांगितलं, "आधी गाईला घास दे, मग थायलंड."

शनिवार, १८ ऑक्टोबर

गाडी दुपारची, त्यामुळे सकाळी मैदानावर गेलो. अर्ध्या भागात फटाक्यांच्या स्टॉलचे पत्रे उभे राहिलेले, म्हणून सरांनी मैदान आडवं केलं होतं आणि विटा ठेवून छोटे गोल केले होते. चार संघ पाडले, साडेतीन जणींचा एक असं काहीतरी गणित, आणि प्रत्येकीनं प्रत्येकीशी खेळायचं असं ठरलं. सरांनी वहीत तक्ताही आखला. पण खेळ सुरूच होईना. तिघींना ठंडामोनी व्हायचं होतं, दोघींना अनुष्का, आणि गोलकीपर व्हायला कुणी तयार नव्हतं. "काका, तुम्ही उभं राहा," गौरीनं फर्मावलं. बारा चादरींचं गाठोडं घरी बांधायचं राहिलं होतं, तरी उभा राहिलो. पहिल्या दहा मिनिटांत सात गोल खाल्ले.